गौरीचे हात

आमच्या गावात रानफूल असा शब्द नव्हता. रान होतं, फुलंही होती, पण दोन्ही मिळून शब्द झाला नव्हता. रान म्हणजे शेत. आई रानात गेली म्हणजे खुरपायला गेली, आप्पा रानात आहेत म्हणजे औत धरून आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळं सातवीच्या वर्गात नव्या बाईंनी उद्या येताना प्रत्येकानं एक तरी रानफूल आणायचं असं सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी इमानानं आपापल्या रानातली फुलं नेली. कुणी कपाशीचं पिवळं फूल आणलं, कुणी भोपळ्याचं, कुणी कारळ्याचं. एकानं तर तिळाची अख्खी काडी उपटून आणली आणि त्याबद्दल घरी मार खाल्ला. बाई टेबलावरच्या त्या ढिगाकडं बघत राहिल्या आणि मग तोंडाला पदर लावून हसल्या. त्या कोकणातून बदलून आल्या होत्या. त्यांच्याकडं रान म्हणजे झाडी, जिथं नांगर जात नाही ते. जे कुणी पेरलेलं नसतं ते रानफूल, असं त्यांनी समजावून सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, मंग ते तन हाय." वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि फळ्यावर त्यांनी 'तण' हा शब्द 'ण' जरा ठळक काढून लिहिला.

आमचं गाव सोनईच्या अलीकडं. घर माळवदाचं, पुढं ओसरी, मागं परस, मध्ये एकच चूल. त्या एका चुलीवर आम्ही सगळे जेवायचो. आप्पा, आई, माझे दोन मोठे भाऊ, आप्पांचे धाकटे भाऊ तात्या, आणि तात्यांची बायको, म्हणजे माझी चुलती. तिला आम्ही धाकली आई म्हणायचो, आणि बोलता बोलता त्याचं धाकलाई झालं होतं. तिला मूल नव्हतं. मी आईच्या पोटची, पण वाढले धाकलाईच्या हाताखाली. मला न्हाऊ घालायची ती, वेण्या घालायची ती, माझं अंथरूण तिच्या अंथरुणाला लागून. घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जायची, की मी रांगत होते तेव्हा एकदा जेवणं चालली असताना आईच्या मांडीवरून उतरले, ताटांच्या मधून रांगत धाकलाईच्या मांडीवर जाऊन बसले आणि पुन्हा उतरलेच नाही. पाहुणे आले की आप्पा ती हमखास सांगायचे. मला ती फार आवडायची. आपण स्वतः काहीतरी निवडलं, तेही एवढ्या लहानपणी, याचा मला अभिमान वाटायचा.

धाकलाईच्या डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. तिचे केस विरळ होते, आखूड होते, कधी वेणीला पुरले नाहीत. बाळंतपणात ताप डोक्यात गेला, मूल गेलं आणि केसही गेले, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेवढंच पुरेसं होतं. माझे केस मात्र ती तासन्‌तास विंचरायची. दुपारी गावातल्या गिरणीचं इंजिन पुकपुक करायला लागलं की आम्ही दोघी ओसरीवर बसायचो. ती माझ्या डोक्यात बोटं फिरवत कुठलं कुठलं बोलत राहायची आणि मला त्या आवाजात झोप यायची. आजही कुठं जुन्या इंजिनाचा तसा आवाज कानी आला की माझी मान आपोआप मागं कलते.

आदलं वर्ष मोठ्या दुष्काळाचं. त्याचं मी इथं फार सांगणार नाही, ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. आई आणि धाकलाई दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. तिथं मिळणारी सुकडी, ती कोरडी गोड भुकटी, त्या पदरात बांधून आमच्यासाठी घरी आणायच्या. भाकरी मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची, लाल, घशाखाली उतरायला पाणी लागायचं. तात्या त्याच साली नगरला गेले आणि नागापूरच्या एका कारखान्यात कामाला लागले. रविवारी यष्टीनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. धाकलाई गावातच राहिली. तात्या कधी चल म्हणाले की ती म्हणायची, "पोरीला सोडून कुटं येऊ?" पोर म्हणजे मी.

मग पुढच्या साली पाऊस झाला, आणि ज्या जमिनीत काही उरलंय असं कुणाला वाटलं नव्हतं तिच्यातून नको नको ते वर आलं. बांध दिसेनात. बाई आम्हाला शाळेमागच्या माळावर घेऊन जायच्या आणि विचारायच्या, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. कुर्डू, एकदांडी, माका, आघाडा, तरवड. आम्ही सांगायचो, त्या त्यांच्याकडचं नाव सांगायच्या. एकाच फुलाला दोन नावं असू शकतात याचं मला फार नवल वाटलं होतं.

महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी शाळा लवकर सुटली. बाई ओढ्यापर्यंत आमच्याबरोबर आल्या. ओढ्याच्या पलीकडं घायपाताचा एक जुना बांध होता, आमच्या वाटेवर नव्हता, तिथं आमचं रानही नव्हतं. त्या घायपातावर एक वेल चढलेली होती. पानांची टोकं आकड्यासारखी वळलेली, आणि फुलं अशी, की मी तोवर तसलं काही पाहिलं नव्हतं. पाकळ्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक, जशी काही मेंदी लावलेली बोटंच कुणी वर केलीत. बाई थबकल्या. त्यांचा आवाज जरा निराळा झाला. म्हणाल्या, "अगो, हे तर गौरीचे हात. आमच्याकडे गौर आणतात ना, तेव्हा हे लागतातच." त्यांना घर आठवलं असावं. मुलं पुढं पळाली, पण मी मागं राहिले. ओढा ओलांडून, घायपाताचे काटे चुकवत हाताला लागतील तेवढी फुलं तोडली आणि परकराच्या ओच्यात घेतली. आमच्या घरी आज लक्ष्म्या येणार आणि त्यांना हातच नाहीत, नुसते मुखवटे असतात, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं होतं. धाकलाईला दाखवायची मला इतकी घाई झाली होती की वाटेत चप्पल निघाली ती हातात घेऊन पळाले.

दोघी जावा चुलीपाशी बसल्या होत्या. लक्ष्म्यांवर टांगायच्या फुलोऱ्याच्या करंज्या चालल्या होत्या. आई लाटून भरत होती, धाकलाई तळत होती. दुष्काळानंतरचं ते पहिलं तळण. घरभर तुपाचा आणि तेलाचा वास, आणि दोघी कशावर तरी हसत होत्या. मी ओचा सोडला. फुलं शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरली. "धाकलाई, हे बघ, गौरीचे हात," मी म्हणाले.

आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं. ती उठली आणि माझ्या कानाखाली मारली. आईनं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. खरं तर मारण्याइतकी मी तिची नव्हतेच. ती म्हणाली, "फेक आधी भाईर. वड्याच्या घायपातातली कळलावी आनलीस ना? सनाच्या दिवशी कळलावी घरात आनतं का कुनी?"

माझा कान गुणगुणत होता. मला एवढंच समजत होतं की मी कुठून फुलं आणली हे अजून सांगितलेलं नाही. आणि ते धाकलाईच्याही ध्यानात आलं होतं. तिनं झारा कढईत तसाच धरला होता. कळलावी म्हणजे काय हे तिला माहेरून ठाऊक असणार, बायकांना असायचंच. अडलेल्या बाईला कळा लागाव्यात म्हणून या वेलीच्या मुळाचा लेप पोटाला लावतात, म्हणून ती कळलावी. मला मात्र हा शब्द भांडणं लावणाऱ्या बायकांपुरताच माहीत होता.

"आक्का," धाकलाई म्हणाली, "ती तितं येती हे तुमाला कसं ठावं?"

 कढईत करंजी काळी पडायला लागली. धाकलाईनं कढई उतरवून खाली ठेवली, शांतपणे, तेल न सांडता. मग पुन्हा तेच विचारलं, तेवढ्याच हळू आवाजात. आई खोटं बोलू शकली असती. जाता येता दिसली म्हणाली असती तरी चाललं असतं. मी पुढं किती वेळा विचार केला की ती का बोलली नाही तसं. ती मटकन खाली बसली आणि आपल्या पिठाच्या हातांकडं बघत म्हणाली, "मीच आनली हुती. तुझ्या येळंला."

मग तिनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं. धाकलाई अडली होती. कळा येऊन थांबल्या होत्या. सुईण म्हणत होती, आणखी वाट बघू. तेव्हा हयात असलेली आजी, म्हणजे या दोघींची सासू, तिला धीर निघेना. तिनं आईला ओढ्यापलीकडं पाठवलं, कळलावीचं मूळ खणून आणायला लावलं आणि सहाणेवर उगाळायला सांगितलं. लेप लावायचा म्हणून आईनं उगाळून दिलं. आणि मग सुईण परसात गेल्यावर आईनं दारातून पाहिलं, की सासू उरलेलं वाटीतल्या पाण्यात कालवून धाकलाईच्या तोंडाला लावते आहे. ते मूळ पोटात जाऊ द्यायचं नसतं, एवढं आईलाही ठाऊक होतं. "मला दिसलं," आई म्हणाली. "मी बोलले न्हाई. आत्याबाईंफुडं तवा माजा आवाज निगत न्हवता."

धाकलाईनं झारा खाली ठेवला. मग म्हणाली, "माजा घसा जळत हुता. मी तुमाला म्हनले. तुमी पानी पाजलंत."

"पाजलं," आई म्हणाली.

एवढ्यावर ते थांबलं असतं तर कदाचित मी आज हे लिहायला बसले नसते. पण धाकलाईची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. त्या नजरेत राग नव्हता, नीट आठवून सांगते, नव्हता. एखादी रोजच्या वापरातली वस्तू अचानक कुणी परक्यानं दिलेली आहे असं कळावं, तशी ती माझ्याकडं बघत होती. "म्हनून दिली व्हय ही मला?" तिनं विचारलं. आणि आईनं मान खाली घातली. 

 मी ताटांच्या मधून रांगत गेलेच नव्हते. मला उचलून ठेवलं होतं. मी आजवर ज्या कुशीत झोपले तिथं मला कुणाच्या तरी बदल्यात झोपवलं होतं, आणि ज्याच्या बदल्यात, ते मूल कुठंतरी मातीत होतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे असं शब्दांत कळत नाही. मला एवढंच आठवतं की मला एकदम दोन्ही आया परक्या वाटल्या, आणि कुणाच्या जवळ जाऊन रडावं ते सुचेना, म्हणून रडू आलंच नाही. मी फुलं गोळा केली आणि परसात उकिरड्यावर टाकून आले. आत आले तेव्हा चूल पुन्हा पेटली होती. आई लाटत होती, धाकलाई तळत होती.

सण थांबत नाही, याचा धक्का मला त्या दुसऱ्या गोष्टीइतकाच बसला. तिन्हीसांजेला दोघींनी नवी लुगडी नेसली, एकीनं ज्येष्ठेचा मुखवटा घेतला, एकीनं कनिष्ठेचा, आणि कुंकवाच्या पावलांवरून दारातून ओळीनं आत आल्या. मी पुढं घंटा वाजवत होते. आप्पा, तात्या, भाऊ सगळे हात जोडून उभे होते आणि कुणालाच काही ठाऊक नव्हतं. तात्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा कळलं असेल तर ते आम्हाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक झाला. सोळा भाज्या, आंबील, कटाची आमटी. वर्षभर मिलो खाल्लेली माणसं पानावर तुटून पडली. मी पोळीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

संध्याकाळी हळदीकुंकवाला आमच्या बाई आल्या. छान पातळ नेसून, केसांत शेवंती माळून. लक्ष्म्यांपुढं वाकल्या, आरास बघितली, आणि कौतुकानं माझ्याकडं वळून म्हणाल्या, "गौरीचे हात नाही ठेवलेस? काल एवढे तोडून घेतलेस ना?"  मी जमिनीकडं बघत राहिले. धाकलाई पुढं आली, तिनं बाईंना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली आणि सांगितलं, "आमच्याकडं न्हाई ठेवत ते." बाई म्हणाल्या, असतात एकेका गावच्या पद्धती. खरंच, असतात. एका गावात ज्या फुलाला देवीचे हात म्हणतात त्यालाच दुसऱ्या गावात बाईच्या कळांचं नाव असतं, आणि दोन्ही गावांत ते नाव देणाऱ्या बायकाच असतात. हे मला त्या दिवशी सुचलं नाही, फार पुढं सुचलं. पुढं एका डॉक्टरांना मी विचारलंही. ते मूळ पोटात गेलं तर केस जातात, ते म्हणाले, जीवही जातो. मूल त्यानंच गेलं का, हे मात्र आता कुणीच सांगू शकणार नाही. आधीही गेलेलं असू शकतं. ही गोष्ट मी दोघींपैकी एकीलाही सांगितली नाही. कुणाला सांगितली असती तर कुणाचं काय हलकं झालं असतं, याचा हिशेब मला लागला नाही.

लक्ष्म्या गेल्या त्या दिवशी धाकलाईनं आपली पेटी भरली. तात्यांबरोबर नागापूरला राहायला जाते म्हणाली. तात्यांना आनंदच झाला, आप्पांना नवल वाटलं, आणि आई भिंतीला टेकून उभी राहिली. मी पेटीपाशी गेले तर धाकलाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "आता आईपाशी निजत जा," म्हणाली. यष्टीच्या थांब्यापर्यंत ती एकदाही मागं वळली नाही.

त्यानंतरचे दिवस मी आईपाशी काढले. आई माझी वेणी घालायची, तिचा हात जड पडायचा, मग तीच मध्येच थांबायची आणि माझ्याकडं न बघता विचारायची, वढलं का गं. मी नाही म्हणायचे. आम्ही एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागत होतो. एकदा मी तिला विचारलंच, मी खरंच रांगत गेले होते का. ती म्हणाली, "मी ठिवली तुला. पन तू रडली न्हाईस."  मी पाण्याला गेले.

दिवाळीला तात्या एकटेच आले. धाकलाई का नाही आली, तर म्हणे खोलीला कुलूप लावून येता येत नाही. आप्पा त्यावर चिडले. निघायच्या सकाळी तात्या पायात वहाणा घालत होते तेव्हा मी माझे दोन परकर पिशवीत कोंबले आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. मी येते म्हणाले. तात्यांनी आईकडं बघितलं. आई दळण निवडत होती. ती उठून उंबऱ्यापाशी आली. मला वाटलं, पिशवी काढून घेईल. तिनं पिशवीला हातही लावला नाही. म्हणाली, "मी पाठवत न्हाई तुला. हे ध्यानात ठिव. तुला जायाचं असंल तर जा." आणि परत सुपाकडं गेली. मला भाकरीचं फडकं बांधून दिलं नाही, धाकलाईसाठी काही निरोप दिला नाही, रानातला वाणवळा दिला नाही. पोर इतक्या लांब चालली आणि आई रिकाम्या हातानं पाठवते, म्हणून तात्या वाटभर पुटपुटत होते. मला ते तेव्हा कठोर वाटलं. आता मी स्वतः आजी आहे, आणि माझ्या आईनं आयुष्यात केलेली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी तिचं ते काही न देता सुपाकडं परत जाणं सांगेन.

पुढं माझं शिक्षण नगरलाच झालं. धाकलाई दरवर्षी महालक्ष्म्यांना गावी यायची, आपला मुखवटा आपणच दारातून आत आणायची आणि सण झाला की जायची. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या, पुढं पुढं कामापेक्षा थोडं जास्त. समेट झाला असं मी म्हणणार नाही. एका चुलीशी दोन बायका पुन्हा बसल्या, एवढं मी पाहिलं.

पण तात्यांबरोबर निघाले त्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नागापूरला उतरलो तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजत होता आणि सायकलींची रांग रस्त्यावरून चालली होती. पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ, पुढं एकच नळ. धाकलाई नळावर घागर भरत होती. तिनं आधी तात्यांना बघितलं, मग मला. घागर भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही.

"आईनं पाठवलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मंग?"

"मीच आले."

 मागून एक बाई ओरडली की पाणी चाललंय वाया. धाकलाईनं नळ बंद केला, घागर उचलून कमरेवर घेतली, आणि दुसरी, लहान, माझ्यापुढं सरकवली.

"मंग ही धर," म्हणाली. "सांडू नको."